अतितीव्र की अत्यंत तीव्र

त्या वर्षी मला भूगोल शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. लासूर स्टेशनजवळच्या एका माध्यमिक शाळेत, आठवी ते दहावी. चक्रीवादळाचा भाग आला की फळ्यावर एक भोवरा काढायचा, त्याच्या मधोमध लहान वर्तुळ करून त्यात 'डोळा' असं लिहायचं, बाहेरून आत येणारे बाण दाखवायचे आणि वाक्य सांगायचं: उत्तर गोलार्धात वारे घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने केंद्राकडे वाहतात. मुलं-मुली वहीत उतरवून घ्यायची. एका तासात सगळं उरकायचं. उरलेल्या पाच मिनिटांत मी हजेरी भरायचे.

समुद्र मी तोपर्यंत एकदाच पाहिला होता. बी.एड.च्या सहलीत, तोही ओहोटीच्या वेळी, त्यामुळे पाण्यापेक्षा चिखलच जास्त पाहिला. हे वर्गात कधी सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. आमच्याकडच्या पोरांनीही समुद्र पाहिलेला नसतो.

माझी मुलगी बँकेत लागली तेव्हा आमच्या गल्लीत मोठा आनंद झाला होता. मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून ती विहाराच्या अभ्यासिकेत बसायची. तीन वर्षं बसली. निकाल लागला त्या दिवशी तिच्या पप्पांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, वाळूजच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती आणि ते उगीचच दारात उभे राहिले होते. मग पोस्टिंगचं पत्र आलं. ओडिशाच्या किनाऱ्याजवळचं एक गाव. मी शाळेतला नकाशा घरी आणून त्यावर बोट ठेवलं, तर बोटाखाली गाव आणि बंगालचा उपसागर दोन्ही झाकले गेले.

तिकडं तिला एका विधवा बाईंच्या घरी खोली मिळाली. बाईंना ती माउसी म्हणायची. माउसीचं घर बसकं, पत्र्याचं, मागं तळं आणि चार नारळाची झाडं. मुलीची खोली तळ्याच्या बाजूला. माउसी एकटीच राहायची. सुरुवातीला मुलीला ओडिया येत नव्हतं आणि माउसीला दुसरं काही येत नव्हतं, तरी दोघींचं बरं चाललं होतं. समुद्र तिथून चार-पाच किलोमीटर.

दसऱ्यानंतरचे दिवस होते. शाळेत पहिल्या सत्राची परीक्षा नुकतीच संपलेली, माझ्या पिशवीत नववीच्या पेपरांचा गठ्ठा. संध्याकाळी मुलीचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ती म्हणाली, "आई, इथं सगळे म्हणतायत की समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालंय. म्हणजे नक्की काय असतं?"

मला वाटलं, चला, आपल्याला येणारं काहीतरी विचारलं. मी सांगितलं की समुद्राचं पाणी तापतं, वरची हवा हलकी होऊन वर जाते, तिथला दाब कमी होतो आणि आजूबाजूची हवा त्या जागेकडे धावते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "हे मला आठवतंय, तूच शिकवलं होतंस. पण मी काय करू?"

धड्यात त्याचं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "काही नाही, छत्री जवळ ठेव."

दुसऱ्या दिवसापासून शब्द चढायला लागले. सकाळी बातम्यांत 'डिप्रेशन' होतं, दुपारी 'डीप डिप्रेशन'. मिस्टरांनी विचारलं, डिप्रेशन तर माणसाला येतं, समुद्राला कसं आलं? मी सांगितलं की मराठीत त्याला अवदाब म्हणतात. हे त्यांना आणखीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ते चक्रीवादळ झालं आणि त्याला नाव मिळालं. ते नाव तीन वाहिन्यांवर तीन तऱ्हेनं उच्चारलं जात होतं. एका वाहिनीवर एक मुलगा स्टुडिओतच रेनकोट घालून उभा होता.

मी एका कोऱ्या उत्तरपत्रिकेच्या मागं यादी लिहून काढली. आठ पायऱ्या निघाल्या. कमी दाबाचं क्षेत्र, डिप्रेशन, डीप डिप्रेशन, चक्रीवादळ, तीव्र चक्रीवादळ, अतितीव्र, अत्यंत तीव्र आणि सगळ्यात वर सुपर चक्रीवादळ. लिहिताना माझाच गोंधळ उडाला. अतितीव्र मोठं की अत्यंत तीव्र मोठं? मराठीच्या तासाला विचारलं असतं तर दोन्ही एकच असं मी सांगितलं असतं. पण इथं एकाची सुरुवात ताशी एकशे अठरा किलोमीटरला होत होती आणि दुसऱ्याची एकशे सहासष्टला. एका पेपरनं तर दोन्ही शब्द एकाच बातमीत एकाच वादळासाठी वापरले होते. मी पेपर मिस्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, "तू मॅडम हायस, मला काय विचारतेस?"

तोपर्यंत ते अतितीव्रवर चढलं होतं, आणि मुलीनं एक लिंक पाठवली. बाहेरच्या देशातली कुठली तरी साईट होती, तिच्यावर हेच वादळ 'कॅटेगरी वन' असं लिहिलेलं. आपल्याकडं सहाव्या पायरीवर आणि त्यांच्याकडं पहिल्या. मिस्टरांनी ते पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "मग हे एक नंबरचं हाय का सहा नंबरचं? तेवढं सांग म्हणजे मला झोप लागंल."

मला सांगता येईना. त्यात एक वाक्य सापडलं आणि त्यानं मला एकदम हायसं वाटलं. बातमीत लिहिलं होतं की वादळ ताशी बारा किलोमीटर वेगाने वायव्येकडे सरकत आहे. बारा किलोमीटर. आमच्या गल्लीत लोक सायकल त्याहून जोरात चालवतात. मी मुलीला लगेच कळवलं की घाबरायचं कारण नाही, वेग फक्त बाराचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेंजरमध्ये मी हे आमच्या गणिताच्या सरांना सांगितलं. आमच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणारे हे सर शहराच्या मुख्य स्टेशनला चढतात आणि मी एक स्टेशन आधी, मुकुंदवाडीला, त्यामुळे खिडकीशेजारची जागा मी त्यांच्यासाठी पिशवी ठेवून धरते. घरात उर्दू, शाळेत मराठी आणि गाडीत दोन्हींची खिचडी अशी त्यांची बोली आहे. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि मला दुखावू नये अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, हातगाडीवर एक टेबलफॅन ठेवा. फुल स्पीडला. आता गाडी हळूहळू ढकला. गाडीची चाल बारा. फॅनचं पातं किती जोरात फिरतंय ते वेगळं. तुमची बेटी गाडीखाली नाय येणार, फॅनसमोर येणार."

मी खिडकीबाहेर बघत बसले. दौलताबाद गेलं, पोटूळ गेलं. एकोणीस वर्षं बाण काढले होते मी, गोल फिरणारे. त्या बाणांचा वेग आणि अख्ख्या भोवऱ्याची चाल हे दोन वेगवेगळे असतात, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते माझ्याच डोक्यात आलं नव्हतं.

उरलेल्या वाटेत त्यांनी बाकीचं समजावलं. आपल्याकडं वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी धरतात, तिकडं एका मिनिटाची, त्यामुळे एकाच वादळाचा त्यांचा आकडा थोडा मोठा येतो. शिवाय त्यांच्या पाच पायऱ्या सुरू होतात त्याच मुळी आपल्या सहाव्या पायरीपाशी, म्हणून आपलं सहावं ते त्यांचं पहिलं. मी विचारलं की एकशे अठरा असा अवघड आकडा का, सरळ एकशे वीस का नाही? ते म्हणाले, कारण मूळ मोजमाप जहाजवाल्यांच्या नॉटमध्ये आहे, चौसष्ट नॉट. मी विचारलं, मग चौसष्टच का? सर हसले. म्हणाले, "हे मलाबी ठाऊक नाय."

लासूरला उतरताना एका कापूस व्यापाऱ्यानं आम्हाला ओळखून विचारलं की ते वादळ आपल्याकडं येणार का, त्याचा माल उघड्यावर पडलाय. सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं, भूगोलाच्या मॅडम आहेत म्हणून. मी म्हणाले, बघू.

शाळेच्या व्हरांड्यातूनच मी मुलीला फोन केला. कालचं विसर, म्हटलं, माझी चूक झाली, तू तिथून निघ. ती म्हणाली की मॅनेजर साहेबांनी उद्या सकाळी एक जीप ठरवली आहे, ज्यांना जायचं आहे त्यांना आत, जिल्ह्याच्या गावी नेऊन सोडणार. "पण माउसी नाही म्हणते. तिची शेळी आहे, घर आहे. ती म्हणते, अशी खूप बघितली." मी म्हणाले, माउसीचं माउसी बघेल, तू जीपमध्ये बस. ती बरं म्हणाली.

त्या दिवशी मी सगळ्या तासांना पोरांना वाचन करायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी टीव्ही लावला. वादळ उतरलं होतं. अतितीव्रवरून तीव्रवर, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत ते साधं चक्रीवादळ राहील असा अंदाज होता. कोरडी हवा त्याच्या पोटात शिरली म्हणे. मी यादी काढली, दोन पायऱ्या खाली बोट आणलं. ताप उतरल्यावर आपण जसं पोराच्या कपाळाला हात लावून बघतो तसं मी दोनदा बघितलं. मग फोन लावला.

मुलगी जीपची वाट बघत उभी होती. मी सांगितलं की दोन पायऱ्यांनी खाली येतंय.

ती म्हणाली, "आई, तू एकदा काय ते नक्की सांग. जाऊ का थांबू?"

मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं. शेळीचा आवाजही येत होता. मी विचार केला की रस्ता तीन-चार तासांचा, पावसापाण्याचा, अनोळखी ड्रायव्हर. घर पत्र्याचं आहे खरं, पण आता वारा ऐंशीच्या आत राहणार. माउसी जाणती बाई आहे.

मी म्हणाले, "थांब मग."

दुपारी दोनच्या सुमारास ते किनाऱ्याला लागलं. संध्याकाळी साडेपाचला तिचा फोन आला. आवाज दमलेला, पण ती हसत होती. स्वयंपाकघरावरचे दोन पत्रे गेले, एक नारळ कुंपणावर आडवा झाला, वीज गेली, बाकी सगळं ठीक. वारा आता कमी होतोय, माउसीनं भात टाकलाय. मिस्टरांनी माझ्या हातातून फोन घेऊन तिला पत्र्याला हुक कसे मारायचे ते सांगितलं, जणू ती ते लगेच करणार होती. त्यांच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी रंग आला. मीसुद्धा मनातल्या मनात म्हटलं की शेवटी भूगोल शिकलेला माणूस घरात असलेला बरा.

दुसऱ्या दिवशी ते डीप डिप्रेशन झालं आणि दुपारपर्यंत डिप्रेशन. बातम्यांतून ते जवळजवळ गेलंच. रेनकोटवाला मुलगा कोट घालून निवडणुकीवर बोलत होता. खाली पट्टीवर कधीतरी एक ओळ यायची की वादळ कमजोर पडले.

सकाळच्या फोनवर मुलगी म्हणाली होती की पाऊस थांबत नाहीये, गल्लीत घोट्याएवढं पाणी आहे. मी म्हटलं, होतं तसं, वादळानंतर पाऊस येतोच. मधल्या सुट्टीत तिचा मेसेज आला की गल्लीतलं पाणी गुडघ्याला लागतंय आणि मागचं तळं भरून आलंय. मी यादी पिशवीतून काढली. सगळ्यात खालच्या पायरीच्या एकच पायरी वर होतो आपण. मला काही जुळेना. चारला शाळा सुटल्यावर स्टेशनवर बाकावर बसून मी तिला फोन लावला आणि पहिलं वाक्य बोलले ते हेच, "अगं, आता ते नुसतं डिप्रेशन आहे."

तिकडून फक्त पावसाचा आवाज. मग ती म्हणाली, "आई, पाणी पलंगाला लागलंय."

आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर बंद. त्यानंतर जवळजवळ दोन दिवस बंद.

गाडी आली तेव्हा सर मला हाताला धरून चढवत होते असं मला आठवतं. त्यांनी माझा हात धरला असेल असं मात्र वाटत नाही, ते तसे नाहीत. बहुतेक पिशवी धरली असेल. मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होते. ते कमी झालं ना? सगळे म्हणतायत कमी झालं, मग पाणी का वाढलं?

सरांनी आपल्या फोनवर हवामान खात्याचं पूर्ण पत्रक काढलं. मी चार दिवस रोज त्याची वरची दोन वाक्यंच वाचत होते, ज्यात पायरी लिहिलेली असायची. त्यांनी बोटानं खाली सरकवलं. खाली लिहिलं होतं, आणि सर म्हणाले की परवाच्या पत्रकातही होतं, की वादळ जमिनीवर आल्यावर फार संथ होईल, एकाच भागावर रेंगाळेल, आणि किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांत काही ठिकाणी अतिवृष्टी होईल. सखल भागातल्या लोकांनी हलावं, असंही होतं. साध्या, सरळ भाषेत.

"मॅडम," सर म्हणाले, "तो दर्जा फक्त हवेचा असतो. पाण्याचा त्यात हिशोबच नाय."

मला त्यांचा राग आला. हे त्यांनी आधी का सांगितलं नाही? मग आठवलं की मी त्यांना आधी हे विचारलंच नव्हतं. फॅनचं ऐकल्यावर मला वाटलं होतं, आता सगळं समजलं.

घरी आल्यावर मी मिस्टरांना सांगितलं. पायात चप्पल घालून ते बाहेर गेले आणि थोड्या वेळानं परत आले. कुठं गेला होता विचारलं तर म्हणाले, कोपऱ्यापर्यंत. मग त्यांनी मुलीच्या बँकेच्या सगळ्या नंबरांवर फोन लावायला घेतले. शाखेचा फोन बंद होता. वरच्या कार्यालयातल्या एका माणसानं नाव लिहून घेतलं आणि कळवतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा लावला, त्याच माणसानं पुन्हा नाव लिहून घेतलं. मिस्टर त्याच्याशी फार अदबीनं बोलत होते. कारखान्यात साहेबांशीही ते इतक्या अदबीनं बोलत नाहीत. त्यांना बहुधा वाटत होतं की नीट बोललं तर तो लवकर शोधेल.

"तिला थांब कुणी म्हटलं?" असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. मी वाट बघत होते. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घरात बसवेना म्हणून मी शाळेत गेले. मोकळ्या तासाला पेपरांचा गठ्ठा काढला. त्यात प्रश्न होता, चक्रीवादळ म्हणजे काय ते आकृतीसह स्पष्ट करा. एकामागून एक तेच भोवरे, तोच डोळा, घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने तेच बाण. माझीच वाक्यं, माझ्याच शब्दांत, काना-मात्रेसकट. कुठं चूक काढू कळेना. एका मुलीनं बाण उलटे काढले होते, तिचा अर्धा गुण कापला आणि परत दिला. बाकी सगळ्यांना मी पूर्ण गुण दिले.

त्या दुपारी आमच्याकडंही आभाळ भरून आलं. लासूरच्या बाजारात मक्यावर आणि कांद्यावर ताडपत्र्या ओढायची गडबड उडाली. थेंबही पडला नाही. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, हे त्याच वादळाचं शेपूट. मला त्या ढगांकडं बघवेना आणि नजरही काढवेना.

फोन आला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या थोडा आधी, नववीच्या वर्गात. अनोळखी नंबर होता. वर्गात फोन घ्यायचा नाही हा नियम मीच पोरांना सांगत असते. मी घेतला.

"आई, मी बोलतेय. शिपाईकाकांचा फोन आहे हा. चार्जिंग कमी आहे, म्हणून पटकन सांगते. मी बरी आहे. माउसी बरी आहे."

मी म्हणाले, "जेवलीस का?"

एवढंच आलं तोंडातून. ती हसली की रडली ते मला आजही ठरवता येत नाही. मग मी खुर्चीवर बसले, आणि एका मुलीनं उठून न विचारताच मला पाण्याची बाटली दिली.

काय झालं होतं ते दिवाळीत ती घरी आली तेव्हा नीट कळलं. माझा फोन तुटला तेव्हा पाणी पलंगाच्या फळीला लागलं होतं. ती आणि माउसी दोघींनी मिळून भाताची पोती आधी भिंतीवरच्या फळीवर चढवली, मग पाणी तिथंही आलं तेव्हा सोडून दिली. शेजारच्या दोन माणसांनी दोर बांधून गल्ली ओलांडायला मदत केली. पाणी छातीपर्यंत होतं. माउसीनं शेळी खांद्यावर घेतली होती आणि मुलीनं माउसीचा पदर धरला होता. गावाबाहेर खांबांवर उभारलेली निवाऱ्याची इमारत आहे, खाली मोकळी आणि वर मोठी खोली, तिथं ती दोन दिवस शे-दीडशे माणसांत राहिली. कोरडे पोहे आणि गूळ खाल्ला. त्या खोलीत एका म्हाताऱ्यानं तिला विचारलं की तू जीपमध्ये का गेली नाहीस, तर तिनं काय उत्तर दिलं ते तिनं मला सांगितलं नाही.

ती हे सांगत होती तेव्हा आम्ही शेव तळत होतो. मी झारा बाजूला ठेवला आणि म्हणाले की मी तुला थांब म्हणाले, त्याचं मला...

तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. "तू म्हणालीस म्हणून नव्हते थांबले मी. माउसीला एकटीला सोडून जायला पाय निघत नव्हता. तू जा म्हणाली असतीस तरी मी गेले नसते."

हे खरं होतं का? फोनवर तिनं तर मला विचारलं होतं, जाऊ का थांबू. की आधीच ठरवून नुसतं माझ्या तोंडून ऐकायचं होतं? की मला बरं वाटावं म्हणून ती दिवाळीत हे म्हणाली? मी तिच्याकडं बघत राहिले, तर ती शेव मोडून खात होती आणि तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मिस्टर दारातून म्हणाले, "जाऊ द्या आता, कढई जळतीय."

पुढच्या वर्षी तो धडा आला तेव्हा मी तीन तास घेतले. पायऱ्या सांगितल्या, हातगाडीवरचा फॅन सांगितला, आणि दर्जा फक्त वाऱ्याचा असतो हे दोनदा सांगितलं. एका मुलीनं विचारलं की मग पाऊस किती पडणार याच्या पायऱ्या का नाहीत? मी सांगितलं की पावसाचं वेगळं मोजतात, जोरदार, अतिजोरदार वगैरे. आणि समुद्राचं पाणी आत येतं त्याचं आणखी वेगळं. ती म्हणाली, "मग लोकांनी कशाकडं बघायचं?" मी म्हणाले, सगळ्याकडं. तिला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलेलं नाही. मी आता पत्रक खालून वर वाचते, आणि तरीही दरवेळी अतितीव्र आणि अत्यंत तीव्र यांत मला अडायला होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं मुलीकडं गेलो. तिनं बदलीचा अर्ज केला नव्हता. त्याच खोलीत राहत होती, फक्त पलंगाखाली आता विटांचे दोन दोन थर होते. भिंतीवर पाण्याची रेघ होती, माझ्या खांद्याच्या जरा खाली. माउसीनं पांढरा रंग मारला होता पण रेघ त्यातूनही दिसत होती. मिस्टरांनी पोचल्या पोचल्या पत्र्यांचे हुक तपासायला घेतले.

माउसी माझ्यापेक्षा लहानखुरी निघाली. एवढीशी बाई, आणि खांद्यावर शेळी घेऊन छातीभर पाण्यातून गेली. मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण तिनंच पुढं होऊन माझे दोन्ही हात धरले आणि पुष्कळ काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. मी मान हलवत राहिले. मग तिनं मुलीकडं वळून काहीतरी विचारलं; मुलीला आता ओडिया चांगलं यायला लागलं होतं.

मुलगी म्हणाली, "ती विचारतेय, तुम्ही भूगोलाच्या मॅडम ना, मग पुढचं कधी येणार आणि केवढं असणार?"

मी म्हणाले, "तिला सांग, मला सांगता येत नाही."

मुलगी माउसीशी बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. हातानं उंची दाखवत होती, तळ्याकडं बोट करत होती, मधेच माझ्याकडं बघत होती. माउसी गंभीरपणे ऐकत होती. शेवटी तिनं मान डोलावली, माझ्या दंडावर थोपटलं आणि चुलीकडं गेली.

मी विचारलं, "एवढं काय सांगितलंस तिला?"

"तू म्हणालीस तेवढंच," ती म्हणाली. "यांच्या भाषेत जरा जास्त शब्द लागतात."